मुलीसाठी पहिली दहा मीटर एअर रायफल: नवी घ्यावी, वापरलेली घ्यावी की थांबावे?

कृष्णाकाठ, कराड

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी तेरा वर्षांची असून आठवीत शिकते. शाळेतील क्रीडाशिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली ती ओपन साइटच्या (उघड्या खाचेतून नेम धरण्याच्या) स्प्रिंग रायफलने नेमबाजी शिकली आणि जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत चौदा वर्षांखालील गटात खेळली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक जिंकल्यापासून आमच्या भागातील बऱ्याच मुलांना या खेळाची ओढ लागली आहे आणि तीही त्यांपैकीच एक आहे. आता शिक्षकांचे म्हणणे असे आहे की तिने पीप साइटकडे (बारीक छिद्रातून नेम धरण्याच्या साइटकडे) वळावे. आमच्या येथील रेंजवर पीप साइटच्या रायफली मोजक्याच असल्यामुळे मुलांना पाळीने त्या वापराव्या लागतात, आणि दुसऱ्या मुलाने बदललेली मापे पुन्हा जुळवण्यातच तिचा बराच वेळ जातो.

तिची उंची पाच फूट असून वजन अडतीस किलो आहे. ती उजव्या हाताने लिहिते आणि रायफलही उजव्या खांद्याला लावते, परंतु नेम धरताना तिची मान रायफलवरून पलीकडे झुकते, हे शिक्षकांच्या लक्षात आले आहे. मी दीड लाख रुपयांपर्यंत तरतूद करू शकतो आणि आमच्यासाठी ही रक्कम मोठी आहे.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला म्हणजे भारतीय बनावटीची स्प्रिंग रायफल घेऊन तिला पीप साइट बसवणे, दुसरा म्हणजे परदेशी कंपनीची सुरुवातीच्या श्रेणीतील नवी पीसीपी (दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी) रायफल घेणे, आणि तिसरा म्हणजे एखाद्या ज्येष्ठ खेळाडूकडून वरच्या श्रेणीतील वापरलेली रायफल घेणे. एका डीलरने असा सल्ला दिला की थोडे कर्ज काढून एकदाच सर्वांत वरचे मॉडेल घ्यावे, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पुन्हा खर्च करावा लागणार नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

दुधाळी, कोल्हापूर

कृष्णाकाठ सर, आपण सर्व माहिती व्यवस्थित दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी अनेक वर्षे मुलांना दहा मीटर रायफल शिकवत आहे. आपल्या लिखाणातील सर्वांत महत्त्वाची बाब मला पैशांची वाटत नाही, मान झुकण्याची वाटते, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

उजव्या खांद्याला रायफल लावलेल्या मुलीची मान पलीकडे झुकते, याचा अर्थ बहुधा असा असतो की तिचा डावा डोळा प्रबळ आहे आणि तो नकळत नेमाच्या रेषेत यायचा प्रयत्न करीत आहे. हे घरीच तपासता येते. तिला दोन्ही हात समोर लांब करून, तळवे एकमेकांवर ठेवून मधे लहानशी फट करायला सांगा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून दूरची एखादी वस्तू, उदाहरणार्थ दिव्याचा खांब, तिने पाहावा आणि वस्तू नजरेआड होऊ न देता हात हळूहळू चेहऱ्याकडे आणावेत. हात ज्या डोळ्याशी येऊन थांबतात तो प्रबळ डोळा. आपण काय तपासत आहोत हे तिला आधी सांगू नका आणि ही चाचणी वेगवेगळ्या दिवशी पुन्हा करून पाहा.

डावा डोळा प्रबळ निघाला तर दोन मार्ग उरतात. एक म्हणजे उजव्या खांद्यावरच राहून डाव्या डोळ्यासमोर ब्लाइंडर (समोरचे दृश्य झाकणारी पट्टी) लावणे, ज्याची रुंदी नियमाप्रमाणे ३० मिलिमीटरपर्यंत असू शकते, आणि डोळा न मिटता उजव्या डोळ्याने पाहण्याची सवय लावणे. दुसरा म्हणजे संपूर्ण स्थितीच डाव्या खांद्यावर नेणे. ती तेरा वर्षांची आहे आणि तिच्या सवयी अजून पक्क्या झालेल्या नाहीत, त्यामुळे मी दुसरा मार्ग निदान काही आठवडे करून पाहीन. उजव्या हाताने लिहिणारी मुले डाव्या खांद्यावरून उत्तम नेमबाजी करताना मी पाहिली आहेत, कारण या खेळात हाताच्या चपळाईपेक्षा हाडांवर तोललेली स्थिर उभी स्थिती आणि स्वच्छ दिसणारी साइट यांचे काम अधिक असते. मात्र हा निर्णय खरेदीच्या आधी झाला पाहिजे. उजव्या हाताच्या रायफलची मूठ आणि चीकपीस (गाल टेकवायचा भाग) डाव्या खांद्याला चालत नाहीत, आणि डावखुऱ्या स्टॉकची (दस्त्याची) वापरलेली रायफल आपल्याकडे सहज मिळत नाही. आज घाईने उजवी रायफल घेतली आणि सहा महिन्यांनी खांदा बदलावा लागला, तर पैसे आणि उमेद दोन्ही वाया जातील.

दुसरी बाब वजनाची आहे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार दहा मीटर रायफलचे वजन जास्तीत जास्त साडेपाच किलो असू शकते आणि मोठे खेळाडू या मर्यादेच्या जवळ जातात, कारण जड रायफल कमी हलते. अडतीस किलोच्या मुलीला तेवढे वजन पेलवत नाही. उभ्या स्थितीत पाठ किंचित मागे वळवून रायफलचा भार कंबरेच्या हाडावर घ्यावा लागतो, आणि वाढत्या वयात रायफल जड असली तर हा ताण थेट कण्याच्या खालच्या भागावर येतो. पूर्वी महिलांचा सामना चाळीस गोळ्यांचा असे. २०१८ पासून पुरुष आणि महिला दोघांनाही साठ गोळ्या, पंचाहत्तर मिनिटांत, उभे राहूनच माराव्या लागतात. त्यामुळे हलकी, आणि पुढे वजनाचे तुकडे जोडून जड करता येईल अशी रायफल तिच्यासाठी योग्य ठरेल. सुरुवातीचे काही महिने टेबलावर टेकवून सराव करू दिला तरी काही बिघडत नाही, उलट ट्रिगर आणि साइट शिकण्यासाठी ते चांगलेच असते.

तिसरी बाब मापांची. बटप्लेटची (खांद्याला टेकणाऱ्या भागाची) लांबी आणि उंची, चीकपीसची उंची आणि आडवी सरक, तसेच मुठीचे अंतर, एवढे तरी बदलता आले पाहिजे. तपासण्याची रीत अशी की तिने डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल चीकपीसवर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. मान न ताणता, न झुकवता फोरसाइटचे (नळीच्या टोकावरील साइटचे) कडे पीपच्या बरोबर मध्यभागी दिसले, तर रायफल तिच्या मापाला आली. दिसले नाही, तर चीकपीस हलवा किंवा साइटखाली उंचीचे ठोकळे द्या, पण साइट दिसावी म्हणून मान वाकवू देऊ नका. मुले उंच होत जातात तशी ही मापे दर काही महिन्यांनी पुन्हा जुळवावी लागतात, म्हणून ती बदलणे सोपे असणे तिच्या वयात फार मोलाचे आहे.

डीलरच्या सल्ल्याशी मी सहमत नाही आणि त्याचे कारण आकड्यांतच आहे. दहा मीटरच्या लक्ष्यावरील दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. छर्रा त्या ठिपक्याला नुसता स्पर्शून गेला तरी दहा मिळतात, म्हणजे छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत असला की दहा. चांगल्या कंपनीची सुरुवातीच्या श्रेणीतील पीसीपी रायफल शिकंजात धरून, तिला मानवणाऱ्या छर्ऱ्यांनी चालवली तर दहा मीटरवर एकावर एक भोके पाडते. तेव्हा पुढील काही वर्षे आपल्या मुलीचे जे गुण जातील ते रायफलमुळे जाणार नाहीत. वरच्या मॉडेलमध्ये आपण जास्तीचे पैसे देतो ते मुख्यतः बारीक जुळवणीच्या सोयींसाठी, अधिक चांगल्या ट्रिगरसाठी आणि हादरा आणखी कमी करणाऱ्या यंत्रणेसाठी, आणि या सोयींचा उपयोग स्थिती पक्की झालेल्या खेळाडूलाच करून घेता येतो.

ठाणेकर नेमबाज

वरील प्रतिसादातील जवळजवळ सर्व मुद्दे मला मान्य आहेत. मी फक्त वापरलेल्या रायफलबद्दल लिहितो, कारण तो पर्याय स्वस्त आणि चांगला असू शकतो, पण पाहून घेतला नाही तर महागात पडतो.

फाइनवर्कबाऊ, वॉल्थर, अनशुत्झ किंवा श्टायर या परदेशी कंपन्यांची दहा-बारा वर्षे वापरलेली पीसीपी रायफल अजूनही राज्यस्तरावर खेळण्याइतकी अचूक असू शकते, कारण छर्रे शिशाचे आणि मऊ असतात, वेग सेकंदाला १७० ते १७५ मीटर एवढाच असतो आणि त्यामुळे नळीची झीज अगदी सावकाश होते. जुनी होते ती नळी नव्हे, तर सील, रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) आणि सर्वांत आधी हवेचा सिलिंडर. सिलिंडरवर निर्मितीचा महिना आणि वर्ष कोरलेले असते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सिलिंडर कंपनीने दिलेल्या मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त दहा वर्षांच्या आत, असण्याची जबाबदारी खेळाडूची आहे, आणि स्पर्धेच्या साहित्य तपासणीत तो पाहिला जाऊ शकतो. दोनशे बार दाब धरणारे भांडे मुलीच्या चेहऱ्याजवळ असणार आहे, हे लक्षात घेतले तर या मुदतीकडे केवळ नियम म्हणून पाहू नये. मुदत संपलेला सिलिंडर दाखवून कोणी "अजून व्यवस्थित चालतो" असे सांगत असेल, तर नव्या सिलिंडरची किंमत वजा करूनच बोलणी करावीत, आणि त्या मॉडेलचा नवा सिलिंडर मिळतो का हे डीलरला आधी विचारावे.

रायफल पाहायला जाल तेव्हा सिलिंडर भरून दाबाचा काटा टिपून ठेवा आणि शक्य असल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा; काटा उतरला असेल तर कुठेतरी गळती आहे. नंतर टेकवून एकाच प्रकारच्या छर्ऱ्यांचे पाच-पाच गोळ्यांचे काही ग्रुप मारा. ग्रुप हळूहळू वर किंवा खाली सरकत गेला तर रेग्युलेटर तपासून घ्यावा लागेल. पीप आणि फोरसाइट मूळच्या आहेत का, साइटचे एकेक क्लिक फिरवल्यावर नेम तेवढाच सरकतो का आणि उलट फिरवल्यावर परत येतो का, हेही पाहा, कारण चांगली पीप साइट वेगळी घ्यायची म्हटली तर तिचाच खर्च मोठा होतो. मूळ बिल आणि आधीच्या मालकाची कागदपत्रे असल्याशिवाय व्यवहार करू नका.

पीसीपी घेण्यापूर्वी हवा कुठे भरून मिळेल याचा विचार करा. एका भरणीत साधारण दोनशेहून अधिक गोळ्या निघतात. रेंजवर कंप्रेसर किंवा मोठा सिलिंडर असेल तर प्रश्न नाही. नसेल तर हातपंप घ्यावा लागतो आणि दोनशे बारपर्यंत पंप मारणे तेरा वर्षांच्या मुलीला जमणार नाही, ते काम आपल्यालाच करावे लागेल. भरणीचा अडॅप्टर प्रत्येक कंपनीचा सारखा असतोच असे नाही, म्हणून आपल्या रेंजवर कोणता चालतो हे विचारून मगच रायफलची कंपनी ठरवावी. माझ्या मते लहान गावातील खेळाडूसाठी कोणती कंपनी श्रेष्ठ हा प्रश्न दुय्यम आहे. जिची हवा आपल्या रेंजवर भरता येते, जिचे सील बदलणारा माणूस बसने गाठता येतो आणि जिचे माप मुलीला येते, ती रायफल घ्यावी. स्थानिक रेंजवर तीन मुलांकडे एकाच कंपनीच्या रायफली असतील तर चौथीही त्याच कंपनीची घेण्यात शहाणपण आहे.

वैशाली, पुणे

मी स्वतः नेमबाज नाही. माझा मुलगा बालेवाडीला सराव करतो, त्यामुळे पालक म्हणून एक मुद्दा मांडते. दीड लाखांची पूर्ण रक्कम रायफलवर खर्च करू नका. जॅकेट, ट्राउजर, बूट, हातमोजा, छर्रे, रेंजचे शुल्क, स्पर्धांचे प्रवेशशुल्क आणि प्रवास यांची बेरीज वर्षभरात बरीच मोठी होते. जॅकेट अंगाला घट्ट बसावे लागते आणि त्याची जाडी व ताठरपणा स्पर्धेत यंत्राने मोजला जातो, त्यामुळे दोन वर्षे चालेल म्हणून मोठ्या मापाचे शिवून घेता येत नाही. वाढत्या वयातील मुलांसाठी वापरलेले जॅकेट घेणे आणि उंची वाढली की दुसऱ्या पालकाला देणे, अशी पद्धत आमच्या रेंजवर पालकांनी आपापसात सुरू केली असून तिचा सर्वांना खूप उपयोग होतो. आपल्याकडेही असे करता येईल.

स्प्रिंग रायफलबद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. महाराष्ट्रातलीच प्रिसिहोल कंपनी चांगल्या रायफली बनवते आणि घरी सरावासाठी आम्हाला त्या उपयोगी पडल्या. भारतीय बनावटीची आहे म्हणून तो पर्याय बाद करू नये.

दुधाळी, कोल्हापूर

वैशालीताई, आपला जॅकेटविषयीचा मुद्दा अगदी रास्त आहे, आणि भारतीय रायफलींना माझा मुळीच विरोध नाही. त्या कंपनीच्या पीसीपी रायफलीही मिळतात आणि कृष्णाकाठ सर सिलिंडर, साइट व मापे या कसोट्यांवर त्याही अवश्य पाहू शकतात. माझा आक्षेप आहे तो पीप साइटच्या स्पर्धेसाठी स्प्रिंगची यंत्रणा घेण्यास. स्प्रिंग सुटली की आतील पिस्टन पुढे धावतो आणि छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच रायफल हलते, त्यामुळे गोळी कुठे लागेल हे रायफल किती घट्ट वा सैल धरली आहे यावरही ठरते. मुलीने ट्रिगर उत्तम ओढला तरी गोळी बाहेर जाऊ शकते, आणि चूक कोणाची हे तिला कळत नाही. शिवाय छर्रा न भरता स्प्रिंग रायफल चालवली तर पिस्टन आपटून यंत्रणेला इजा होते, म्हणजे ड्राय सराव करता येत नाही. ओपन साइटच्या गटात खेळत राहायचे असेल, तर तिच्याकडे आज आहे ती पद्धत पुरेशी आहे.

जुन्या काळातील एक अपवाद सांगतो. फाइनवर्कबाऊची ३०० एस ही स्प्रिंगचीच, पण हादरा शोषून घेणारी स्पर्धा-रायफल आहे, आणि त्याच कंपनीच्या ६०० मालिकेतील रायफली एका लिव्हरच्या दाबाने हवा भरणाऱ्या आहेत. यांना सिलिंडर लागत नाही. त्या जड आहेत आणि लिव्हर ओढायला ताकद लागते, म्हणून आपल्या मुलीला लगेच सुचवणार नाही. परंतु जिथे हवा भरण्याची काहीच सोय नाही अशा ठिकाणच्या मोठ्या मुलांनी त्यांचा विचार अवश्य करावा.

कृष्णाकाठ, कराड

सर्वांचे मनापासून आभार. डोळ्यांची चाचणी वेगवेगळ्या दिवशी करून पाहिली आणि प्रत्येक वेळी डावा डोळाच प्रबळ निघाला. शिक्षकांशी बोलून तिने रेंजवरची रायफल टेबलावर टेकवून डाव्या खांद्याने चालवून पाहिली. मूठ उजव्या हाताची असल्यामुळे पकड अवघडली, पण मान सरळ राहिली आणि साइट स्वच्छ दिसते असे तीच म्हणाली. आता खरेदी थांबवली आहे. दोन्ही बाजूंना चालेल असा स्टॉक असलेली रायफल मिळते का, घरी सराव करताना कोणती काळजी घ्यावी आणि परवान्याचे नेमके काय, हे कळले तर बरे होईल. आमच्या ओळखीच्या एकांनी सांगितले की स्वप्नील कुसाळे यांच्यासारखी रायफल घ्यायची तर पोलिसांचा परवाना लागतो, त्यामुळे मुलीची आई काळजीत आहे.

दुधाळी, कोल्हापूर

मुलीच्या आईंना सांगा की काळजीचे कारण नाही. कुसाळे यांचा पदकाचा प्रकार पन्नास मीटर थ्री पोझिशनचा (तीन स्थितींतून नेम धरण्याचा) आहे आणि त्यासाठी पॉइंट टू टू बोअरची (नळीच्या आतील व्यासाची), दारूच्या काडतुसांची रायफल लागते, ती परवान्याशिवाय बाळगता येत नाही. दहा मीटरची रायफल पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअरची, केवळ हवेवर चालणारी असते. या बोअरच्या आणि वीस ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, आणि स्पर्धेच्या रायफलची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास असते. खरेदी आपल्या नावावर, आपले ओळखपत्र दाखवून, अधिकृत डीलरकडून करा आणि बिलाची प्रत रायफलच्या पेटीतच ठेवा, म्हणजे प्रवासात कोणी विचारले तर अडचण येणार नाही.

सुरुवातीच्या श्रेणीतील काही पीसीपी रायफलींचे स्टॉक दोन्ही बाजूंना जुळवता येण्यासारखे असतात. हॅमर्ली कंपनीची एआर २० ही त्या प्रकारातली आहे. आपल्या मुलीसाठी मी अशीच रायफल आधी पाहीन, कारण डाव्या खांद्याचा प्रयोग वर्षभराने सोडावा लागला तरी ती निकामी होत नाही. बोल्ट किंवा लिव्हर कोणत्या बाजूला आहे आणि ती उजव्या हाताने छर्रा सहज भरू शकते का, हे मुलीलाच हाताळून पाहू द्या. दोन-तीन महिने तरी रेंजच्या रायफलवर डाव्या खांद्याने सराव होऊ द्या आणि मग तिला बरोबर घेऊन मुंबई-पुण्याकडे रायफल पाहायला जा. मुलीने खांद्याला न लावलेली रायफल फोनवरून मागवू नका.

घरी ड्राय सराव भरपूर करता येतो आणि तो फुकट असतो. स्पर्धेच्या पीसीपी रायफलला ट्रिगर नुसता ओढण्याची वेगळी सोय असते. भिंतीवर लहान काळा ठिपका लावून रोज वीस मिनिटे स्थिती, श्वास आणि ट्रिगर यांचा सराव केला तर रेंजवरच्या वेळेचे चीज होते. नळीत छर्रा नाही हे सरावाआधी दर वेळी आपण स्वतः पाहा, रायफल कधीही माणसाच्या दिशेने वळू देऊ नका आणि सराव झाल्यावर ती कुलपात ठेवा. खरे छर्रे मारायचे असतील तर मागे जाड पोलादी पत्र्याचा छर्रे पकडणारा डबा हवा आणि त्या बाजूला दार किंवा खिडकी नसावी. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय तिने काही खाऊ नये. हवेच्या सिलिंडरमध्ये फक्त कोरडी, गाळलेली हवा भरावी. वेल्डिंगच्या दुकानातील किंवा दवाखान्यातील ऑक्सिजन कोणी भरून देऊ केला तरी घेऊ नका, कारण दाबाखालील ऑक्सिजन वंगणाच्या संपर्कात आला की स्फोट होऊ शकतो.

पुढच्या महिन्यात जमल्यास एखाद्या रविवारी तिला दुधाळीच्या रेंजवर घेऊन या. निरनिराळ्या मापांच्या रायफली तिला हाताळायला मिळाव्यात अशी विनंती मी तेथील मुलांना करीन, आणि त्याच वेळी तिच्या बटप्लेटची लांबी व चीकपीसची उंची मोजून लिहून देतो, म्हणजे डीलरकडे जाताना ते आकडे आपल्या हातात असतील.